पाव वळसा

द्वारकेजवळ, धात्रक टायर्सच्या मागच्या गोदामात
मी कामाला लागलो त्याच दिवशी चुकलो.
नवे टायर दारात रचले, उन्हात,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून.

मुख्तार कोकणी काही बोलला नाही.
एकेक उचलून आत नेला, सोळाच्या सोळा.
मग पाणी प्यायला आणि म्हणाला,
पिंपळगावचा ना तू? बेदाणा कुठं वाळवता?
सावलीत.
का?
हिरवा राहतो म्हणून.
मग हा आधीच काळा, तर त्याला ऊन लागत नाही
असं वाटलं होय तुला?

पुढं मी शिकत गेलो, तुकड्यातुकड्यानं, बोलणी खात.
रिमवर चढवलेला असेल तर आडवा, एकावर एक.
मोकळा असेल तर उभा, आणि खाली फळी,
कारण फरशी पावसाळ्यात घामेजते.
खुंटीला टांगायचा नाही.
मोकळा टायर टांगला की स्वतःच्याच वजनानं
लांबुळका होत जातो, गुपचूप.
ग्रीसचा डबा पलीकडे. थिनर तर गोदामातच नको.
आणि शेजारी सोनजेचं वेल्डिंग सुरू झालं
की खिडकी लावायची.
त्या निळ्या उजेडातून एक वास सुटतो,
जवळ वीज पडल्यावर हवेत राहतो तसा.
तो रबराला खातो, म्हणायचा मुख्तार.
मला कितीतरी दिवस ती थाप वाटली.

टायरच्या कुशीवर चार आकडे असतात,
कितवा आठवडा, कोणतं साल.
वय तिथून मोजायचं,
रस्त्याला लागला तिथून नाही.
एक किलोमीटरही न जाता म्हातारं होता येतं
हे मला तिथं कळलं.
चोवीसचा होतो. त्या रात्री झोप नाही आली.

कोपऱ्यात चार टायर होते, काळ्या प्लास्टिकखाली.
भिंतीवर खडूनं लिहिलेलं: बोरस्ते सर. पैसे जमा.
सरांनी पैसे भरले
आणि त्याच आठवड्यात त्यांची उजवी बाजू गेली.
गाडी सिडकोत, जिन्याखाली.
धात्रकशेठ दोनदा म्हणाले, विकून टाका रे,
येतील तेव्हा दुसरे देऊ.
मुख्तार म्हणाला, देऊ. पण भाव कधीचा लावू?
शेठ चहा सांगायला गेले.

दर एक तारखेला, पगाराच्या आधी,
तो प्लास्टिक सोडायचा
आणि चारही टायर पाव वळसा फिरवायचा.
टेकलेली जागा वर, दुसरी खाली.
हाताची धूळ पँटला पुसून पुन्हा प्लास्टिक.
असे एकोणीस पाव वळसे.

निफाडला दहिवर गोठलं होतं त्या आठवड्यात
बाई आल्या. पावती चार घड्यांची, कापरासारखी मऊ.
गाडी आता मी शिकलेय, म्हणाल्या,
पण हे अजून चालतील का?
मुख्तारनं टॉर्च घेऊन खाचा बघितल्या,
अंगठ्यांनी कड दाबून बघितली, आकडे वाचले.
जुने झालेत बाई, म्हणाला. म्हातारे नाही झाले.

कसे काय, त्यांनी विचारलं. मुख्तार सांगेना
म्हणून मीच सांगितलं, एक तारखेचं.
बाई त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.
मी दर दोन तासांनी, म्हणाल्या.
आधी या कुशीवर, मग त्या.
पाठीला जखम नाही होऊ दिली एकही.
मग पावतीची घडी घातली, जिथं ती आधीच मोडलेली होती.

गाडी निघाली तेव्हा पहिला गिअर करकरला.
डाव्या सीटवर एक उशी होती,
पट्टा लावलेली.

पुढच्या एक तारखेला मुख्तार सवयीनं कोपऱ्यात गेला.
नुसती फळी. चार ओळखीचे डाग.
थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग माझ्याकडे वळून ओरडला,
बघतोस काय?
सोनजेनं सुरू केलंय. खिडकी लाव.